भरलेला वर्ग

इतिहासाला माझ्याकडे तीनच मुलं उरली होती. पुढच्या वर्षी विषय बंद, असं प्राचार्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. सनावळ्या पाठ करायला कोण येणार, हे मलाही कळत होतं. म्हणून तर मी एका परदेशी विद्यापीठाच्या उपक्रमाला घट्ट चिकटले. जिथे इतिहासाचे वर्ग ओस पडलेत, तिथेच ते नवा अभ्यासक्रम चालवून बघणार होते. कॉलेजच्या गच्चीवर, जिथे रेंज मिळते तिथे उभी राहून मी तिकडच्या प्राध्यापकांबरोबर तो तयार केला. मुलांनी आपल्या गावचा तलाव घ्यायचा. तो कुणी बांधला, पाणी कुणाला मिळालं, कुणाला नाही, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं.

त्या विद्यापीठातल्या एक बाई वर्ग बघायला आल्या त्या नेमक्या जुलैत. त्यांची सुट्टी, आमची रोवणी. माझी तिन्ही मुलं रोपं लावायला धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात.

"रिकामाच वर्ग दाखवू, सर. तोच पाहायला आल्यात त्या," मी प्राचार्यांपुढे अक्षरशः हात जोडले.

"पाहुन्याले रिकामा वर्ग दाखवाचा? कॉलेजची काही इज्जत हाय का नाही, मॅडम?"

आणि त्यांनी कॉमर्सची पोरं आणून बसवली.

बाईंनी तलावाचं विचारलं. एकानं आपल्या पणज्यानं तलावाला मातीच्या बांधाची पाळ कशी बांधली ते सांगितलं. दुसरा म्हणाला, पाणी आधी गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या बांधीत जायचं, उरलं तर आमच्या. बाई हरखून गेल्या. माझा अभ्यासक्रम खरा ठरला आणि माझ्याच मुळावर आला.

"इथे इतिहास ठणठणीत आहे. आमची गरज दुसऱ्यांना जास्त," निघताना त्या म्हणाल्या.

गाडीची काच धरून मी सांगितलं, ही मुलं माझी नव्हेत हो! प्राचार्य मोठ्यानं हसले. मॅडमना उगाच टेन्शन घ्यायची सवय आहे म्हणे. बाईंनी माझा हात थोपटला. त्यांना तो माझा विनय वाटला. गाडी गेली तेव्हा मला संतापानं रडू आलं.

रोवणी आटोपल्यावर माझी तिघं आली. नखांत चिखल तसाच होता.

"मॅडम, पाहुने काय म्हनले? आपला विषय राहीन ना?"

"म्हणाल्या, तुमच्याकडे इतिहास फार छान चाललाय."

तिघंही खूश झाली. त्यातली एक पुढच्या बाकावर सरसावून बसली.

"मंग पयले आमच्या गावचा तलाव घ्या, मॅडम."