चतुराबाईंचे जपानमधील आज्ञापालन

आमच्या अर्धापूरच्या साक्षरता वर्गातील चतुराबाई ह्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी वाचावयास शिकल्या. तेव्हापासून लिहिलेल्या शब्दाची अवज्ञा त्यांनी कधीही केलेली नाही.

गेल्या वर्षी त्या जपानला आपल्या मुलीकडे, शिल्पाकडे गेल्या. तेथे भूकंपाचा धक्का बसण्याआधी मोबाईल मोठ्याने ओरडतात, पाहुण्यांचेही ओरडतात. परंतु त्यावरील मजकूर मराठीत नसतो. म्हणून शिल्पाने कागदावर लिहून दिले, "फोन ओरडताच टेबलाखाली जाणे." वर बजावले, "आई, हे जमलं तरच तुला घरी एकटी ठेवीन. न्हाई तर लगेच परतीचं तिकीट."

चतुराबाई लातूरच्या भूकंपात घराबाहेर पळून वाचलेल्या. भूकंपात आत राहावे, हे त्यांना मुळीच पटत नव्हते. तरीही एके सकाळी शिल्पा कामावर गेल्यावर फोन ओरडला, तेव्हा त्या कागद व चष्मा घेऊन टेबलाखाली गेल्या. भांडी किंचित हलली व थांबली.

सायंकाळी शिल्पा परतली.

"आई, खाली काय करून राहिलीस?"

"सकाळी फोन ओरडला."

"मग अजून खालीच?"

"कागदावर खाली जायचं लिहिलंय. बाहेर यायचं कुठं हाय?"

"अगं, भूक न्हाई लागली?"

"लई लागली. पण तू तिकीट काढशील ना."

शिल्पाने तेथेच बसून दुसरी ओळ लिहिली. चतुराबाईंनी ती बोट ठेवून दोनदा वाचली व मगच बाहेर आल्या. परतीचे तिकीट ठरलेल्या तारखेचेच राहिले.