रेडिएटरमधली हळद

वडनेरच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी जुनीच, पण माझ्याकडे येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमधून मिस्त्री उठून आला. मी पाणी ओतायला झाकणाकडे हात नेला, तर त्यानं माझं मनगटच धरलं. "तोंड भाजन साहेब. थंडी होऊ द्या तिले." मग पालथ्या डब्यावर बसून तो अर्धा तास नुसता इंजिनाकडे पाहत राहिला. एवढा धीर मला माणसांच्या बाबतीतही कधी जमला नाही.

नंतर फडक्यानं झाकण उघडून त्यानं आत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट पिवळं झालं होतं.

"हळद हाय. रेडिएटर गळाले लागलं का टाकते लोकं. बारीक भोक बुजते काही दिवस. गाडी विकाची असन तं लईच कामाची." त्यानं बोट पँटला पुसलं. "कोनापासून घेतली?"

"नागपूरच्या दलालाकडून," मी म्हणालो.

"तरीच. घरच्या मानसानं सांगतलं असतं."

त्यानं रेडिएटर उतरवला, धुतला, भोकाला डाख दिला. काम चोख केलं. खोटं बोललो होतो तो मी.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. चावी देताना वहिनीनं बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. हळदीचा डबा आणायला तिला घरात जावं लागलं नाही. तो आधीपासून गाडीपाशीच होता.