कागदी पिशव्या आणि व्हॉट्सॲप

रिटायर झालेल्या बाईला लोक तब्येत विचारतात. मला आमच्या पोरांचे किस्से विचारतात! एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा उभाच. खोपोलीच्या आमच्या कार्यशाळेत विशी-पंचविशीतली, बौद्धिक दिव्यांग अशी बावीस पोरं-पोरी कागदी पिशव्या करायची. मी त्यांची ताई. तेव्हा त्यांच्या हातात नुकते मोबाइल आले होते आणि आम्हा शिक्षकांना नवी काळजी! आता घरी बसून वाटतं, नोकरीतले सगळ्यात छान दिवस तेच.

*

संदेशला लिहिता यायचं नाही, पण व्हॉइस मेसेज झकास जमायचा. रोज सकाळी तो एकेकाला वेगळा 'गुड मॉर्निंग' पाठवायचा. नाव घेऊन! चहा गार व्हायचा, कामाला उशीर व्हायचा.

शेवटी मी म्हटलं, "अरे, आपला ग्रुप आहे ना? तिथं एकदाच टाक की!"

त्याला माझी कीव आली असावी.

"ताई, गुड मॉर्निंग ग्रुपला नाय म्हणत. माणसाला म्हणतात!"

*

"ओळख नसेल त्याची रिक्वेस्ट घ्यायची नाही," हे मी आठवडाभर घोकून घेतलं. मग मीच फेसबुक उघडलं, फोटोच्या जागी जास्वंद लावली आणि मनीषाला रिक्वेस्ट पाठवली. दोन दिवस झाले तरी घेईना!

"मनीषा, रिक्वेस्ट दिसली का गं?"

"दिसली. नाव तुमचं हाय."

"मग?"

"तोंड फुलाचं हाय!"

मी मुकाट्यानं फोटो बदलला.

*

याच मनीषाला एकदा कुणा अनोळखी माणसाचा मेसेज आला. 'एकटी आहेस का? फोटो पाठव.' तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला, तोवर फोटो गेलेलाही होता! मी मोबाइल ओढूनच घेतला.

उघडून पाहते, तर कार्यशाळेच्या दारात काढलेला ग्रुप फोटो. बावीसच्या बावीस जण, मध्ये मी आणि बाजूला झारा घेतलेल्या स्वयंपाकाच्या मावशी! खाली मनीषाचा आवाज, "नाय, आमी सगळी हाय."

त्यानं लगेच ब्लॉक केलं. मी निर्धास्त झाले. पण मनीषा दुपारी जेवली नाही.

"ताई, आमी त्याला आवडलो नाय का?"



*

पिशवी करण्यात गणेशचा हात धरणारा कुणी नव्हता. आम्ही त्याची रील टाकली, भराभर लाइक आले आणि एक कमेंटही.

"काय लिवलंय गं?" त्यानं मनीषाला विचारलं. मी अडवायच्या आत तिनं मोठ्यानं वाचलं, "वेडा आहे का हा?"

गणेशनं हातातली घडी नीट दाबली, खळ लावली, पिशवी बाजूला ठेवली.

"इचारलंय ना त्यानं? मग 'नाय' लिव!"

*

गणेश कुंभिवलीचा. रोज टमटमनं एकटा घरी जायचा. एका दुपारी टमटममध्ये डोळा लागला आणि गाव मागे राहिलं. घरी पोचला नाही म्हणून त्याचे वडील भातखाचरातून तसेच, चिखलाच्या पायांनी कार्यशाळेत धावत आले. फोन घरीच विसरलेले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गणेशचं लोकेशन! पुढच्या चौक गावचा नाका. पाठोपाठ त्याचा आवाज, "ताई, बाबा फोन उचलत नाय. मी हितंच थांबलोय."

वडिलांना स्कूटरवर मागे बसवून मी निघाले. वाटेत ते एकच म्हणत होते, "एकटा हाय वो तो, घाबरला आसंल."

नाक्यावर गणेश बाकड्यावर बसला होता, मांडीवर डबा. वडिलांनी त्याला मिठी मारली आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागले. गणेश त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. "रडू नका. मी हाय ना."

मग त्यानं त्यांचे डोळे आपल्या रुमालानं पुसले, त्यांना बाकड्यावर नीट बसवलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली व्हॉइस मेसेज :

"काळजी नको. बाबा सापडले."