वहिनीचा दारवान

वहिनी दवाखान्याच्या अपघात विभागात जखमा शिवते आणि रविवारी दुपारी आम्हाला खेळवते. खेळ म्हणजे फासे, कागद आणि बडबड. गोष्ट ती आखते, तिच्यातली माणसं आम्ही होतो. तिचा एक नियम अजून माझ्या डोक्यात जातो. वार करणाऱ्याने तो कुठे केला ते सांगायचं, पुढचं ती सांगणार.

त्या दिवशी एका बैठकीत संपणारी गोष्ट होती. दारवानाशी गोड बोलून किल्ल्यात शिरायचं, एवढंच. पण गोड बोलणं माझ्या भावाला जन्मात जमलेलं नाही. दादाने फासा टाकला. "तलवार काढली. मान उडवली."

"अर्धीच तुटली," वहिनी चहा गाळत म्हणाली. "तो पडलाय. गळ्यातून रक्त फसफसतंय. त्याने तुझा पाय धरलाय."

दादाने पोटात खुपसली. आतडी बाहेर आली, पाय काही सुटला नाही. तिसरा वार दादाने छातीत केला. "मर की लेका," तो पुटपुटला.

"माणूस पटकन मरत नाही. मला विचार."

चौथ्या वाराला मेला.

"संपलं ना?" दादाने विचारलं.

"आजच संपणार होतं. तू दारवान मारलास, आता लांबेल."

पुढच्या रविवारी आम्ही शहाण्यासारख्या तलवारी म्यान केल्या आणि किल्ल्याचं दार वाजवलं. दार दारवानाच्या भावाने उघडलं. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

वहिनीने फासा स्वतःकडे ओढला आणि दादाकडे बघितलं.

"आता कुठे लागलं, ते मी सांगते."