गिरणीतून गेलेली रिक्षा

त्या गुरुवारी मी वही नेलीच नव्हती. अंधेरीच्या इंग्रजी संभाषण वर्गात दीड महिन्यात माझ्या तोंडून एकही वाक्य निघाले नव्हते. मराठीत एम.ए. केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चारचौघांत चुकण्याची किती लाज वाटते! वर्ग सोडत असल्याची चिठ्ठी नेटक्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवली होती. तास संपला की ती द्यायची, एवढेच उरले होते.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर दहिसर स्टेशन काढले, बाहेर एक रिक्षा काढली आणि खडू माझ्याकडे रोखला.

"काकू, मला तुमच्याकडे चहाला यायचंय. रस्ता सांगा ना, इंग्रजीत. तुम्ही म्हणाल तेच काढणार हं मी!"

मी नकारार्थी मान हलवणार, तोच घरच्या लग्नपत्रिकांवरचा पत्ता आठवला: बँकेच्या मागे, शाळेच्या समोर. हे तर मी आयुष्यभर लिहीत आले होते! मराठीत जो शब्द बँकेनंतर येतो, तो इंग्रजीत तिच्या आधी उभा करायचा, इतकेच.

"बिहाइंड द बँक," मी पुटपुटले. फळ्यावर बँक उभी राहिली आणि रिक्षा तिच्या मागे गेली. माझ्या शब्दाने!

"अक्रॉस द ब्रिज." नदी आली, पूल आला, रिक्षा पलीकडे.

"थ्रू द फ्लोअर मिल."

मॅडमनी रिक्षा पिठाच्या गिरणीच्या दारातून आत घातली आणि मागची भिंत फोडून बाहेर काढली.

"काकू, वाट लागली ना पिठाची!" शेजारची तरुणी ओरडली. सगळा वर्ग हसला. माझा हात पर्सवर गेला. पण मॅडमनी रिक्षावाल्याच्या डोक्यावर पांढरा ढीग काढला आणि मलाच हसू आवरेना.

"नो, नो! पास्ट द मिल!" मी कधी उभी राहिले, कळलेच नाही. रिक्षा निमूटपणे गिरणीच्या बाजूने निघाली. "ऑपोझिट द स्कूल! ऑन द सेकंड फ्लोअर!" खिडकी उमटली, मॅडमनी तिच्यात किटलीसुद्धा काढली.

तास संपला. मॅडमनी डस्टर उचलले.

"थांबा, पुसू नका!" मी पर्समधला तो चिठ्ठीचा कागद काढला. पाठकोरा होता.

"मागे काय लिहिलंय, काकू?" शेजारच्या तरुणीने डोकावून विचारले.

"काही नाही गं," म्हणत मी बँकेपासून फळ्यावरचा रस्ता उतरवायला सुरुवात केली.