चौथ्या पिंपाचा वास

त्या नोकरीला लागले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि आधीच दमलेली होते. ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या युनिमधून फूड सायन्सची पदवी घेऊन चार वर्षं झाली होती. ती चारही वर्षं मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालण्यात आणि त्यांच्या चादरी बदलण्यात घालवली होती. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आल्यावर नवरा म्हणाला, "आता तरी शिकलेलं काम बघ." तो इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. त्याच्या शिफ्ट आणि माझ्या शिफ्ट यांच्या मधल्या फटीत आमचा मुलगा वाढत होता.

शिकलेलं काम मिळालं ते दीड तासावर. डोंगराळ भागात एका कुटुंबाची ब्रँडीची डिस्टिलरी होती. स्वतःचे द्राक्षमळे, स्वतःची तांब्याची भट्टी आणि ओकच्या पिंपांनी भरलेलं दगडी गोदाम. मालक पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच, कमरेत वाकलेले. त्यांची मुलगी ऑफिस आणि मळे बघायची. ती चाळिशीची, कमी बोलणारी. आई वारल्यापासून बापलेक दोघंच त्या मोठ्या घरात राहत होते.

इंटरव्ह्यूला मी आधीच सांगून टाकलं, "मी दारू पीत नाही."

"पी म्हणून कोण सांगतंय?" मालक म्हणाले. "वास घे, तोंडात घोळव, थुंकून टाक."

त्यांनी तीन ग्लास पुढे ठेवले. पहिल्या दोन्हींना नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा भपकारा होता. तिसऱ्याला मनुकांचा वास आला, आणि मागून बरीच वर्षं न उघडलेल्या लाकडी कपाटाचा. तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारपासून ये."

इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणून मी काहीच हाक न मारता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी वर बघितलं की बोलायला लागायचे.

त्यांच्या आजोबांनी हे काम फ्रान्समध्ये शिकून आणलं होतं. द्राक्षांची वाइन दोनदा गाळायची, मग वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात ठेवायची. कोन्याक बनतं ते असंच. पण ते नाव फक्त त्या नावाच्या फ्रेंच प्रांतातल्या ब्रँडीलाच लावता येतं, म्हणून बाटलीवर ब्रँडी लिहायचं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना मालक हे दरवेळी समजावून सांगायचे. सांगून झालं की दमून स्टुलावर बसायचे.

माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. हिवाळ्यात गाडीच्या काचेवर बर्फ धरलेला असायचा. वाटेत कांगारू आडवे येतील म्हणून डोळे ताणून गाडी चालवायची. मग दिवसभर सिमेंटच्या थंडगार जमिनीवर उभं राहून पिंपांतून नमुने काढायचे, त्यांची तीव्रता मोजायची, गळती तपासायची. घरी पोचेपर्यंत टाचा इतक्या दुखायच्या की मी बूट न काढताच कुकर लावायचे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मालकांना करोना झाला. दोन आठवड्यांनी ते कामावर आले, थोडे बारीक झालेले. त्या वर्षी त्यांना गोदामातल्या पाच सगळ्यात जुन्या पिंपांचं मिश्रण करायचं होतं. चाळीसेक वर्षं जुनी ब्रँडी होती ती. वडिलांच्या हाताखाली त्यांनी स्वतः गाळलेली. हे आपलं शेवटचं मिश्रण, असं ते सगळ्यांना सांगत होते.

एके दिवशी गोदामालगतच्या छोट्या किचनमध्ये मी शिरले तर गॅसवर दूध करपत होतं. धूर झाला होता. मालक दोन हातांवर पाठमोरे बसून पेपर वाचत होते. मी गॅस बंद केला. आवाजाने ते वळले, भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वास कधीपासून येत नाही?" मी विचारलं.

"तापापासून." त्यांनी पेपरची घडी घातली. "येईल परत. डॉक्टर म्हणतात, कधीकधी वेळ लागतो."

"तुमच्या मुलीला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

मी हो म्हणाले. का म्हणाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. वृद्धाश्रमात माणसं एकेक गोष्ट कशी लपवतात ते मी रोज बघितलं होतं. न ऐकू येणं लपवायची, ओला झालेला बिछाना लपवायची. तिथेही मी कुणाचं सांगितलं नव्हतं. ती सवयच लागली असावी.

मग रोज सकाळी आम्ही गोदामात बसायला लागलो. मी वास घ्यायचे, ते विचारायचे. आधी काय येतं? मग काय? ग्लास हातात धरून गरम केल्यावर काय? मला इंग्रजी शब्द सापडायचे नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या भाषेत सांग. मग मला समजाव." मी म्हणायचे, जायफळ. किंवा शिळी पुरणपोळी. किंवा ओल्या तागाचं पोतं. पुरणपोळी समजावायला अर्धा तास गेला. ते सगळं वहीत लिहून घ्यायचे, रोमन लिपीत, जसं ऐकू येईल तसं.

त्या तीन महिन्यांत माझ्या घरातली फोडणी बंद झाली. सकाळी हिंगाचा वास नाकात बसला की दुपारपर्यंत जायचा नाही. गणपतीत आम्ही उदबत्ती लावली नाही. मी केसांना तेल लावणं सोडलं. नवऱ्याने आठ दिवस उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि मग एका आर्वोला, म्हणजे दुपारी, शांतपणे म्हणाला, "तो माणूस तुला पगार नाकाचा देतो की आख्ख्या घराचा?" रात्रपाळी करून आल्यामुळे त्याचेही डोळे लाल होते. मुलगा मधे येऊन मला बिलगला आणि म्हणाला, "मम, यू स्मेल लाइक केक."

बाकीच्या चार पिंपांचं जमत गेलं. अडलं चौथ्या पिंपावर. ते त्यांच्या मुलीच्या जन्माच्या वर्षी भरलेलं होतं. त्याचं बूच त्यांच्या बायकोने स्वतः ठोकून बसवलं होतं. मिश्रणाचा मुख्य भाग त्याच पिंपाचा असणार, हे त्यांनी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते सगळ्यात चांगलं होतं, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच असणार.

मी नमुना काढला. वास घेतला. परत घेतला. ग्लास बदलून घेतला. बाहेर जाऊन मोकळ्या हवेत दहा मिनिटं उभी राहिले आणि परत येऊन घेतला.

"बोल," ते म्हणाले.

"बिघडलंय."

"कसला वास येतोय?"

"बुरशीचा. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा. मागून कडू लाकूड."

"तुझं नाक थकलंय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. ते चिडले. दीड वर्षात ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडत होते. "तुला या कामात किती दिवस झाले?" असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, बरं आहे म्हणून टाकावं. पिंप त्यांचं, बायको त्यांची, नाव त्यांचं. मला सोळा तास झोप मिळाली असती तर सगळं चाललं असतं. पण तोंडातून हो निघेना.

"घालू नका," मी म्हणाले. "बाकीची चारही खराब होतील."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि मुलीला हाक मारली.

ती मळ्यातून आली, हाताला माती लागलेली. त्यांनी काही न सांगता ग्लास तिच्यापुढे केला. तिने वास घेतला आणि लगेच ग्लास दूर धरला. "हे गेलंय, डॅड."

"मला कळत नाही," ते म्हणाले. "मला कशाचाच वास येत नाही. जूनपासून."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुम्ही तीनदा नासलेलं दूध चहात घालून प्यायलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी बूट घालून कामाला निघत होतात. काय बोलणार?"

ती माझ्याकडे वळली. "तू मात्र मला सांगायला हवं होतंस. बाटलीवर सही माझी असते." तिचा आवाज चढला नव्हता, पण ते मला लागलं. तिचं बरोबरच होतं. मी सॉरी म्हणाले. "नो वरीज" असं ती म्हणाली, पण त्यानंतर कितीतरी आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

चौथं पिंप मालकांनी स्वतः रिकामं केलं. मी मदतीला पुढे झाले तर हातानेच नको म्हणाले. चाळीस वर्षांची ती ब्रँडी मोरीतून वाहून जायला वेळ लागला. तोवर ते नळी धरून उभे होते.

उरलेल्या चार पिंपांचं मिश्रण झालं. त्यांनी मनात धरलं होतं तसं ते नव्हतं. जास्त हलकं होतं, जायफळ पुढे येणारं. पण चांगलं होतं, असं चाखणाऱ्यांनी सांगितलं. मालकांनी गोदामात येणं कमी केलं. वसंतात मुलीने मला मिश्रणाचं काम कायमचं घेशील का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. दीड तासाचा रस्ता तोच राहणार होता आणि पहाटही तीच.

बाटल्या भरायच्या दिवशी मालक आले आणि टेबलाच्या टोकाला बसून लेबलं चिकटवू लागले. एकही वाकडं गेलं नाही. काम संपल्यावर त्यांनी एक ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सांग." मी सावकाश सांगत गेले, आधी काय, मग काय. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच एकदा "अजून?" म्हणाले. सांगून संपल्यावर म्हणाले, "जा आता. तुझा मुलगा वाट बघत असेल."

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. दार उघडायला हात उचलवेना. किती वेळ गेला कळलं नाही. मुलाने बाहेर येऊन काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "आर यू कमिंग इन?"

"येते," मी म्हणाले. "दोन मिनिटं."