साडूंच्या हौदातली अंडी

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला धुळ्याहून साडूंनी फोटो पाठवला. पाण्यातल्या वेलीचं एक पान मधोमध दुमडलेलं, आणि त्या घडीत साबुदाण्याएवढा पारदर्शक थेंब. आत एक करडा ठिपका. खाली एवढंच : "भाऊ, हाई काय शे?"

ते न्यूटचं अंडं होतं. मला एका नजरेत कळलं, कारण पाच वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो.

न्यूट हा बेडकाच्या नात्यातला, पण शेपटी असलेला प्राणी. बोटभर लांब, पाठ काळी, पोट शेंदरी. मूळ चीनचा, माझ्याकडचे मात्र पुण्यातल्या एका हौशी माणसाच्या काचेच्या टाकीत जन्मलेले. आमच्या जळगावच्या घरात त्यांना पालीच म्हणतात. "तुमच्या पालींची जेवणं झाली का?" असं बायको रोज विचारते आणि मी रोज खरं उत्तर देतो.

जळगावच्या उन्हात हा प्राणी एक दिवस टिकणार नाही. म्हणून मागच्या खोलीत उन्हाळाभर एसी चालतो, आणि थंडीत टाकीत छोटा हीटर. पाणी बारा महिने वीस अंश. सकाळ-संध्याकाळ मोजून मी वहीत लिहितो. पाच वर्षांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडल्याच्या नोंदी अकरा, त्या सगळ्या वीज गेल्यामुळे. त्याच वहीत 'अंडी' असा एक रकाना आहे. तो पहिल्या पानापासून कोरा होता.

सहा न्यूट होते. प्रत्येकाच्या पोटावरचे काळे डाग वेगळे असतात, त्यावरून मी त्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीत साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, टाकीसमोरून हलेनात. "भाऊ, एक जोडी द्या ना." मी चार आणि सहा क्रमांक दिले. चारला मागच्या पायाचं एक बोट नव्हतं, सहा नीट खात नव्हता. सोबत हातानं लिहिलेल्या दोन पानी सूचना दिल्या. मी मन मोठं केलं असं बायकोला वाटलं. मला नको होते ते दोन मी दिले होते.

आणि त्या दोघांनी अंडी घातली.

मी फोन उपडा ठेवला. अंघोळ केली, वर्तमानपत्र वाचलं, तेच पान दोनदा वाचलं. माझ्या टाकीत चार निरोगी न्यूट दगडावर बसून होते. साडेअकराला मी लिहिलं : "बुरशी दिसते. वेल काढून टाका."

जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं धुळ्याला निघालो. अंडी वाचवायला निघालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण एरंडोल येईपर्यंत माझ्या मनात होतं, की टाकलीच असतील तर बरं. पारोळ्याच्या पुढे मात्र टाकली नसावीत असं वाटायला लागलं. नक्की कुठे ते सांगता येत नाही.

जिन्याखाली सिमेंटचा जुना हौद, त्यावर फळी. हाच साडूंचा सगळा सरंजाम. मी खिशातला थर्मामीटर पाण्यात धरला. अकरा अंश.

"हिवाळाभर असंच?"

"मी काहीच करं नही, भाऊ," साडू म्हणाले. "फळी ठेवली, गांडुळं टाकली. बाकी बठ्ठं त्यांनीच केलं."

काहीच केलं नाही. हे ते नम्रपणे म्हणाले, आणि म्हणूनच जास्त लागलं. थंडी पडली की या प्राण्याला ऋतू बदलल्याचं कळतं आणि मग तो जोडी जमवतो. मी पाच हिवाळे हीटर लावून तो ऋतूच येऊ दिला नव्हता.

"ती वेल टाकली का?" मी विचारलं.

"टाकली ना."

"टाकली म्हणजे त्या बादलीत," मेहुणी आतून म्हणाली. "कालपासून मला कपडे भिजवायला बादली नाही. भाऊजी, तुम्हीच सांगा यांना."

मी बादलीशी उकिडवा बसून एकेक पान उजेडात धरलं. त्रेचाळीस अंडी. हौदात रात्रीतून नवी दोन घातलेली दिसली, त्यातलं एक चार क्रमांकानं माझ्या डोळ्यांदेखत गिळलं.

"अरे, हे स्वतःचीच खातात?" मेहुणी म्हणाली. "म्हणून वेल काढायला सांगितली होती होय! भाऊजींचं डोकंच वेगळं."

साडूंनी चहाचा कप माझ्यापुढे केला. चहा प्यायलो. माझ्या सूचनांची दोन पानं पोळ्यांच्या डब्यात तळाला अंथरलेली होती.

त्रेचाळीसांतून एकतीस पिल्लं निघाली. मार्चमध्ये धुळ्याचं पाणी तापायला लागलं, तशी साडूंनी उरलेली सव्वीस स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे आणली. थंड खोली माझ्याकडेच होती. दिवसातून दोनदा मी त्यांना ड्रॉपरनं डासांच्या बारीक अळ्या भरवल्या. अडीच महिन्यांनी मानेवरचे कल्ले झडून पहिलं पिल्लू पाण्याबाहेर दगडावर चढलं. शेवटी सतरा चढली. वाढवली मी, पण 'अंडी' हा रकाना कोराच ठेवला. ती धुळ्याची होती.

पहिलं पिल्लू बघायला साडू आले, तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. मी सांगून टाकलं, "ती बुरशी नव्हती. मला माहीत होतं."

ते टाकीवरून नजर न काढता हसले. "माले तठेच समजनं, भाऊ."

"कसं?"

"नोव्हेंबरात सहा नंबरला खरी बुरशी आली, तेव्हा तुमचं उत्तर चार मिनिटांत आलं होतं. लिटरला दोन ग्रॅम मीठ, दहा मिनिटं. यावेळी तीन तास लागले आणि आकडा एकही नाही. म्हटलं, भाऊंचा जीव जळतोय. वेल बादलीत ठेवू, उद्या येतीलच."

त्यांनी हे घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मेहुणी अजूनही नातेवाइकांना सांगते, की अंडी भाऊजींनी वाचवली. माझा हेवा संपला असेल असं वाटेल. पण आता मला त्यांच्या हौदाबरोबर त्यांच्या स्वभावाचाही हेवा वाटतो.

या हिवाळ्यात मी हीटर काढून ठेवला आहे. पाणी आज सकाळी तेरा. रोज वेलीचं एकेक पान उलटून बघतो. दर रविवारी साडूंचा निरोप येतो : "काही शे का, भाऊ?"

मी मिनिटभरात उत्तर देतो : "नाही." त्यांच्या हौदात काय आहे ते मी विचारत नाही, आणि ते सांगत नाहीत.